फॉरमॅट मारू का?

'लॅपटॉप चालू होत नाहीये' ही तक्रार 'पोटात दुखतंय'सारखी आहे. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. डॉक्टर निदान विचारतात तरी, कुठे दुखतंय, कधीपासून, काल काय खाल्लं होतं? लॅपटॉपच्या नशिबी तेवढंही नसतं. ऑफिसच्या पॅन्ट्रीत हे वाक्य उच्चारा, तीन जण लगेच औषध सांगतात. एक म्हणतो, बॅटरी गेली. दुसरी म्हणते, व्हायरस असणार. आणि तिसरा, जो कॉलेजात असताना मित्रांचे पीसी असेंबल करून द्यायचा, तो कॉफीचा मग खाली न ठेवताच निकाल देतो, 'फॉरमॅट मार ना, बेस्ट!'

या तिसऱ्यापासून जपून राहा मंडळी. आजचा कॉलम खरं तर त्याच्यासाठीच आहे.

आधी एक छोटासा फंडा क्लिअर करू. मशीन सुरू होण्याला 'बूट' का म्हणतात? इंग्रजीत 'बूटस्ट्रॅप' म्हणजे बुटाची मागची पट्टी. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलायचं, अशी ती अशक्य कल्पना. लॅपटॉप रोज सकाळी नेमकं हेच करतो. घरी उठवायला कुणी नसलेल्या बॅचलरसारखा तो स्वतःच स्वतःला उठवतो. बटण दाबलं की आधी वीज नीट मिळते का ते बघितलं जातं. मग मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या मशिन्समध्ये त्याला बायॉस म्हणत, नव्यांमध्ये यूईएफआय. हे महाशय रॅम, डिस्प्ले, की-बोर्ड सगळ्यांची हजेरी घेतात, मग डिस्क शोधतात, डिस्कवरच्या विंडोजला हाक मारतात आणि स्वतः बाजूला होतात. पुढे विंडोज आपला पसारा मांडते आणि शेवटी पासवर्ड विचारते. थोडक्यात, ही रिले रेस आहे. त्यामुळे आपल्याला एवढंच बघायचंय, की बॅटन कुणाच्या हातातून पडलं.

सगळ्यात जास्त घाबरवणारी केस म्हणजे काळा स्क्रीन. पण काळा स्क्रीन म्हणजे मेलेला लॅपटॉप नव्हे! कॅप्स लॉकचं बटण दाबून बघा. दिवा लागतोय-विझतोय? मग आत कुणीतरी जागं आहे, फक्त चेहरा दिसत नाहीये. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. अगदी फिकट अक्षरं दिसली तर गेलाय तो मागचा प्रकाश, बाकी सगळं ठीक आहे. घरातल्या टीव्हीला किंवा ऑफिसच्या मॉनिटरला एचडीएमआय केबल लावून बघा. तिथे चित्र आलं तर तुमचा डेटा सुखरूप आहे. तो आधी बाहेर काढून घ्या, डिस्प्लेचं मग बघू. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की डिस्प्लेचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. दर वेळी चालत नाही, पण चाललं तर दोन सेकंदांत टेन्शन खल्लास.

दिवाच लागत नसेल, पंखाही फिरत नसेल, तर वीज. आधी चार्जर बघा. मोबाइलचा टाइप-सी चार्जर लॅपटॉपला बसतो, म्हणून तो पुरतोच असं नाही. मग चार्जर काढा, माउस-पेनड्राइव्ह-हब सगळं उपटा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून जाते आणि पॉवर सांभाळणारी चिप नव्याने कामाला लागते. आता फक्त चार्जर लावून सुरू करा. हा उपाय ऐकायला घरगुती काढ्यासारखा वाटतो, पण कंपन्यांचे सपोर्टवालेही आधी हेच करायला लावतात. मात्र टचपॅड वर आलाय, खालचं झाकण फुगलंय असं दिसलं तर काहीही करत बसू नका. बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद करा आणि सरळ रिपेअरवाल्याकडे न्या.

कधी कधी लॅपटॉप स्वतःच बोलतो. कॅप्स लॉकचा किंवा चार्जिंगचा दिवा ठराविक लयीत लुकलुकतो, किंवा बीप वाजतात. एक मिस कॉल म्हणजे 'निघालो', दोन म्हणजे 'खाली ये', अशी आपली भाषा असायची ना, तशीच ही. किती वेळा लुकलुकला यावरून रॅम, प्रोसेसर की बोर्ड ते कळतं. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, रिपेअरवाल्याचा अर्धा तास वाचेल. रॅमचा घोळ निघाला तर आपल्याकडचा खास देसी इलाज ठरलेला आहे. लॅमिंग्टन रोडवर पिढ्यानपिढ्या रॅमच्या पट्टीचे सोनेरी पाय खोडरबराने पुसून परत बसवतात आणि मशीन चक्क सुरू होतं! हल्लीच्या स्लिम लॅपटॉप्समध्ये मात्र रॅम बोर्डवरच जोडलेली असते, त्यामुळे खोडरबराचे दिवस भरत आलेत.

कंपनीचा लोगो दिसला आणि पुढे 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचा मेसेज आला तर आधी पेनड्राइव्ह अडकवलेला नाही ना ते बघा. हसू नका, बऱ्याचदा खरंच तेच असतं. डिस्क जुन्या पद्धतीची फिरणारी असेल आणि आतून टकटक आवाज येत असेल, तर लगेच बंद करा. परत परत चालू करून बघणं म्हणजे मोडलेल्या पायावर धावणं.

आणि आता सगळ्यात कॉमन केस. लोगो येतो, ठिपके गोल गोल फिरतात आणि फिरतच राहतात. किंवा निळा स्क्रीन येतो, रिस्टार्ट होतो, परत निळा स्क्रीन. याचा अर्थ हार्डवेअरची हजेरी झालीय, अडलंय विंडोजचं घोडं. इथे एक गंमत सांगते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, बहुतेक लॅपटॉप्स 'शट डाउन' केल्यावर पुरते बंद होतच नाहीत. लवकर उठता यावं म्हणून विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून झोपते. त्यामुळे गडबडलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तसाच गडबडलेला उठतो. 'मी रोज रात्री बंद करते गं, तरी असं का?' याचं उत्तर हे आहे. खरी अंघोळ 'रिस्टार्ट'मध्येच होते. शट डाउन करताना शिफ्ट दाबून ठेवलं तरी चालतं.

विंडोजपर्यंत पोचताच येत नसेल, तर सुरू होताना पॉवरचं बटण दाबून दोन-तीन वेळा मुद्दाम बंद करा. मग विंडोज स्वतःहून निळ्या रंगाचा रिपेअर मेन्यू उघडते. त्यात 'ट्रबलशूट', मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. तिथे स्टार्टअप रिपेअर आहे, नुकतंच आलेलं अपडेट काढून टाकायची सोय आहे, जुन्या तारखेला परत नेणारं सिस्टिम रिस्टोअर आहे आणि सेफ मोडही आहे. यांपैकी कशानेही तुमच्या फाइल्स जात नाहीत. त्याच मेन्यूत 'रिसेट' नावाचा एक दरवाजा आहे. त्यात 'माझ्या फाइल्स ठेवा' आणि 'सगळं काढून टाका' असे दोन पर्याय येतात. पहिल्यात फाइल्स राहतात, बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर्स जातात. दुसरा म्हणजेच आपल्या तिसऱ्या मित्राचा लाडका.

निळा स्क्रीन म्हणजे सगळं संपलं नव्हे, याचा पुरावा साऱ्या जगाने एकदम पाहिलाय. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीने एक अपडेट पाठवलं, त्यातली एक फाइल सदोष निघाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशिन्स निळी पडली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, आठवतंय? त्या ८५ लाख मशिन्सपैकी फॉरमॅटची गरज कितींना होती? मशीन शाबूत, डिस्क शाबूत. सेफ मोडमध्ये जायचं, ती एक फाइल उडवायची, रिस्टार्ट. क्लाउडवरच्या काही मशिन्ससाठी तर मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की परत परत रिस्टार्ट करत राहा, काहींना पंधरा वेळा करावं लागलंय! आयटीवाल्यांची 'रिस्टार्ट केलं का?' ही टेप आपण उगाच चेष्टेवारी नेतो.

पण त्या दिवशी बऱ्याच कंपन्यांचं घोडं एका वेगळ्याच ठिकाणी अडलं. सेफ मोडमध्ये शिरायच्या आधी लॅपटॉप म्हणाला, की ४८ आकडी रिकव्हरी की सांगा. याला म्हणतात बिटलॉकर. तुमची डिस्क कुलूपबंद असते आणि किल्ली मदरबोर्डवरच्या एका सिक्युरिटी चिपकडे असते. रोज ती गुपचूप कुलूप उघडते, त्यामुळे आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. बायॉस अपडेट झालं, बोर्ड बदलला, एखादी सेटिंग हलली, की चिपला संशय येतो आणि ती किल्ली द्यायला नकार देते. आणि हे फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर असतं असं समजू नका. घरच्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलंत की बऱ्याचदा हे कुलूप आपोआप लागतं.

माझी एक मैत्रीण पुण्यात एचआरमध्ये आहे. नोकरी सांभाळून एमबीए करत होती. प्रोजेक्टसाठी तिने बत्तीस जणांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या. कारखान्यांतले सुपरवायझर, रिटायर झालेले युनियनवाले, एकेकाची वेळ मिळवायला महिनाभर लागलेला. एका सकाळी लॅपटॉपवर तो ४८ आकड्यांचा निळा स्क्रीन आला. तिने लंच टाइमला तो एका दुकानात नेऊन दिला. चार वाजता फोन, 'मॅडम, लॉक लागलंय. फॉरमॅट मारू का?' ती मीटिंगमध्ये होती. टेबलाखाली फोन धरून ती हळूच म्हणाली, 'हो, करा काय ते.' संध्याकाळी लॅपटॉप नव्यासारखा परत आला. दुकानातल्या मुलाने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, विचारूनच केलं होतं. आठवड्याभराने तिच्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर तिला ते ४८ आकडे दिसले. लॅपटॉप घेतला त्या दिवसापासून ते तिथेच होते. बत्तीसपैकी अकरा जण पुन्हा बोलायला तयार झाले. त्या युनियनवाल्यांपैकी एक आजोबा मधल्या काळात गेले होते.

म्हणून दुकानात लॅपटॉप देताना, किंवा ऑफिसच्या तिसऱ्या मित्राच्या हातात देताना, पहिलं वाक्य हे बोला, 'मला आधी डेटा पाहिजे. लॅपटॉप नंतर.' हे ऐकल्यावर समोरचा कसा वागतो त्यावरून तो कारागीर आहे की नुसताच फॉरमॅटवाला, ते लगेच कळतं. चांगला माणूस डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बघतो. डिस्क निघत नसेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून फाइल्स कॉपी करतो. कुलूप असेल तर तो तुमच्याकडे किल्ली मागेल, आणि ती तुमच्याकडे असायला हवी. किल्ली कुठेच सापडली नाही तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ती काढून देऊ शकत नाही. आणि एसएसडीवर फॉरमॅट झाल्यावर 'रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढू की' या भरवशावर राहू नका. पुसलेली जागा ती डिस्क स्वतःच पुरती साफ करून टाकते.

मॅकवाल्यांनो, तुमचं थोडक्यात. अॅपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक असेल तर पॉवरचं बटण दाबूनच धरा, पर्याय समोर येतात. जुना इंटेलवाला असेल तर सुरू होताना कमांड आणि आर. तिथे आधी डिस्क युटिलिटीतलं 'फर्स्ट एड' चालवा. 'इरेज'च्या वाटेला जाऊ नका. तुमच्याकडे फाइलव्हॉल्ट नावाचं कुलूप असतं आणि त्याचीही रिकव्हरी की असते.

तर आज लॅपटॉप धडधाकट चालू आहे तोवर एवढं कराच. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शिरा, डिव्हाइसेसच्या पानावर तुमचा लॅपटॉप शोधा, बिटलॉकरची की उघडा आणि कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये सेव्ह करणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटीवाल्यांकडे असते. त्यांचा नंबर मोबाइलमध्ये आहे ना, तेही बघून ठेवा. आणि दुकानातून चार वाजता फोन आलाच, तर मीटिंगमधून दोन मिनिटं बाहेर या आणि मग उत्तर द्या.