दाता पडलेला वस्तरा

परवा सकाळी मोरीत दादांचा वस्तरा हातातून निसटला आणि फरशीवर आपटला. उजेडात धरून बघितला तर धारेच्या मधोमध दाता पडलेला. फार नाही, अर्धा मिलिमीटर असेल. पण तसाच गालावर फिरवला तर गाल नांगरलाच म्हणून समजा!

घरातल्यांचे सल्ले सुरू झाले. "फ्रेम करून भिंतीवर लावा" इथपासून "बाबा, आता हात थरथरतो तुमचा" इथपर्यंत. दुसरं खरं आहे. पण भिंतीवर टांगलेला वस्तरा म्हणजे पेन्शनर मास्तरच की! दादांनी तो नागपूरहून आणला होता, पात्यावर 'सोलिंगेन' कोरलेलं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायचा होता (तो १९८२ साली झाला), आम्ही सगळे चांदा जिल्ह्यातलेच.

तर मी तो दुरुस्त करायला घेतला. लोकांना वाटतं, दाता पडला तेवढीच जागा घासायची. तसं केलं तर तिथे खड्डा पडतो. दाता भरून निघत नाही, बाकीची सगळी धारच त्याच्या तळापर्यंत मागे न्यावी लागते. १००० नंबरचा ओला दगड घ्यायचा, वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही त्यावर टेकवायच्या, म्हणजे कोन आपोआप सांभाळला जातो. धार पुढे ठेवून सरकवायचं, पाठीवर उलटवायचं, परत आणायचं. जोर द्यायचा नाही. काही जण वेळ वाचवायला वस्तरा उभा धरून धार आधी सपाट करून घेतात. मला ते पटत नाही, नंतर दुप्पट घासत बसावं लागतं. माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. भिंगातून दाता दिसेनासा झाल्यावर ४०००, मग ८०००, आणि शेवटी चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर मात्र पाठ पुढे, नाहीतर चामडंच कापलं जातं.

एक गोष्ट मनाला लागली. दगडावर जे काळं पाणी साचलं होतं, ते दादांनी लावलेल्या धारेचं पोलाद. मी फडक्याने पुसून टाकलं. पातं आता अगदी किंचित अरुंद झालंय.

हे वाचून कोणी "गेले ते दिवस" वगैरे लिहायला बसू नका. लहानपणी गावात न्हावीकाका धोकटी घेऊन यायचे, सुगीला धान न्यायचे. एकच वस्तरा साऱ्या गावाच्या गालांवरून फिरायचा. आज दुकानात प्रत्येकाला नवं अर्धं ब्लेड लावतात, ते हजारपट बरं. रक्तातून पसरणारी कावीळ आणि एचआयव्ही माहीत असताना त्या वस्तऱ्यासाठी कशाला हळहळायचं? १९०४ साली जिलेटला फेकून द्यायच्या पात्याचं पेटंट मिळालं, त्यालाही माझी हरकत नाही. पण घरातला, एकट्याच्या वापरातला वस्तरा एका दात्यापायी टाकून द्यायचा, हे माझ्या गळी उतरत नाही. आपल्याकडे जंगलात जाणारा माणूस कुऱ्हाडीला दाता पडला म्हणून कुऱ्हाड टाकतो का?

असो. काल दाढी केली. हनुवटीखाली बारीकशी रेघ उमटलीच. सूनबाईंच्या लक्षात यायच्या आत तुरटी फिरवली.