आरामखुर्चीतून : सावलीची कड

वाचकहो, आरामखुर्ची हे मोठे विलक्षण आसन आहे. तीवर बसताच मनुष्यास सेनापतीची दृष्टी, मुत्सद्द्याची वाणी आणि शास्त्रज्ञाचा आत्मविश्वास या तिन्ही गोष्टी एकाच वेळी प्राप्त होतात. प्रस्तुत लेखक स्वतः त्या आसनाचा जुना मानकरी असल्यामुळे तो इतरांस नावे ठेवू इच्छीत नाही. परंतु मे महिन्याच्या अखेरीस जयपूरजवळ दुर्गापुऱ्यात जे घडले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुर्गापुरा हे सवाई माधोपुराकडून येणाऱ्या गाडीस जयपूरच्या अलीकडे लागणारे लहानसे स्थानक. एके काळी शहराबाहेर असलेल्या या गावास टोंक रस्त्याने वाढत आलेल्या शहराने आता पोटात घेतले आहे. शेतकऱ्यांना मात्र हे नाव निराळ्या कारणाने परिचित आहे. येथील कृषि संशोधन केंद्रात गहू, जव आणि भाजीपाल्याचे अनेक वाण सिद्ध झाले. ‘दुर्गापुरा मधु’ नावाचे खरबूज त्यांपैकीच. आमच्या मावशीचे यजमान रेल्वेतून निवृत्त होऊन येथेच स्थायिक झाले आहेत. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर खुर्च्या मांडल्या गेल्या, खरबुजाच्या फोडी पुढे आल्या आणि शेजारचे वृद्ध मास्टरसाहेब व मावसभाऊ येऊन बसले. फोडी त्याच वाणाच्या होत्या की नाही हे सांगणे कठीण. पण नाव घेऊन खाल्ल्याने त्यांची गोडी निश्चित वाढली.

बोलता बोलता विषय निघाला सवाई जयसिंगाचा. काका म्हणाले, “अरे, १७३३ साली मंदसोरास मल्हारराव होळकरांनी आणि राणोजी शिंद्यांनी ह्याच राजाला असा कोंडला, की सहा लक्ष रुपये आणि अठ्ठावीस परगणे कबूल करून त्याला सुटका करून घ्यावी लागली!” मास्टरसाहेब शांतपणे म्हणाले, “आप्पासाहेब, आपल्या फौजा चौथाई मोजीत होत्या, तेव्हा आमचा राजा आकाश मोजीत होता.” विज्ञानाचा पदवीधर असलेला मावसभाऊ हसला. “मोजीत होता खरा, पण चुन्या-दगडांनी! जयपूरचा पाया १७२७ च्या नोव्हेंबरात घातला गेला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये न्यूटन मरण पावला होता. जग कोठे आणि आपण कोठे!”

झाले! युद्ध, राजकारण आणि विज्ञान अशा तिन्ही आघाड्यांवर एकाच वेळी तोंड लागले. आवाज चढू लागले, तेव्हा मावशी आतून म्हणाली, “वेधशाळा येथून दोन-अडीच कोसांवर आहे. आधी बघून या, मग भांडा. नाहीतर असे करू, मीच तुम्हांला घेऊन जाते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जंतरमंतरच्या आवारात उभे होतो. १७३४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ह्या वेधशाळेतील सम्राट यंत्र म्हणजे सुमारे सत्तावीस मीटर उंचीचा एक दगडी जिना आहे. त्याची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेली, आणि दोन्ही अंगांस वर्तुळाचे दोन प्रचंड चतुर्थांश. त्यांच्या संगमरवरी पट्टीवर सूर्याची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने सरकते. आपण उभे आहोत ती पृथ्वी फिरते आहे हे पुस्तकात वाचलेले असते. येथे ते बोटाखालून सरकताना दिसते.

काकांनी घड्याळ पाहिले आणि ते विजयी मुद्रेने उद्गारले, “चोवीस मिनिटे मागे!” परंतु दोष यंत्राचा नव्हता. आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची प्रमाणवेळ सांगतात. जयपूर त्याच्या पश्चिमेस पावणेसात अंशांच्या जवळपास असल्याने येथे सूर्य सरासरी सत्तावीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. त्यातून मे महिन्याच्या शेवटी सूर्य सरासरी काळाच्या तीनेक मिनिटे पुढे असतो. राहिली चोवीस. यंत्र जयपूरचा सूर्य सांगत होते, काकांचे घड्याळ साऱ्या देशाची सोय सांगत होते. दोघेही आपापल्या ठिकाणी खरे होते.

मावशी मात्र पट्टीवर वाकून निराळेच पाहत होती. “अरे, ह्या सावलीला कड कोठे आहे?” प्रश्न मार्मिक होता. सूर्य हा बिंदू नव्हे. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. म्हणून पूर्ण सावली आणि पूर्ण ऊन यांच्या मध्ये एक पुसट पट्टा पडतो. पंधरा मीटर त्रिज्येच्या ह्या पट्टीवर तो तेरा-चौदा सेंटिमीटर रुंद होतो, आणि तेवढे अंतर ओलांडण्यास सावलीला दोन मिनिटे लागतात. यंत्र कितीही मोठे बांधा, खुणा मोठ्या होतील, त्यांच्याबरोबर हा पुसटपणाही तितकाच मोठा होईल. मावशीने अंबाड्यातला आकडा काढला आणि पट्टीच्या लगत धरून हळूहळू सावलीकडे सरकवला. आकड्याची रेखीव सावली फिकी होत होत एका जागी मोठ्या सावलीत विरून गेली. पुसट कडेतून नेमकी जागा शोधण्याची युक्ती हीच. बारीक काडीनेही काम भागते. पाहणाऱ्याला धीर मात्र हवा.

येथपर्यंत आल्यावर आदल्या संध्याकाळच्या वादाकडे मी पुन्हा वळलो. वाचकहो, तिघांचेही म्हणणे खरे होते. फक्त प्रत्येकापाशी सत्याचा एक-तृतीयांश भाग होता.

जयसिंगाच्या दरबारी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय ब्राह्मण मानते. ते अरबी व फारसी शिकले आणि नासिरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून त्यांनी युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ ह्या नावाने संस्कृतात उतरवली. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचे त्यांचे संस्कृत रूपांतर १७३२ चे आहे. म्हणजे एक महाराष्ट्रीय पंडित जयपुरात ग्रंथाची समाप्ती करतो आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या फौजा त्याच्या आश्रयदात्यास मंदसोरास वेढा घालतात. १७३४ च्या जुलैत हुरडा येथे राजपूत राजे मराठ्यांविरुद्ध एकजुटीच्या शपथा घेतात. आणि १७३५ साली पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघतात, तेव्हा हाच जयसिंग त्यांचे जयपुरात सन्मानाने आतिथ्य करतो. कोण कोणाचा शत्रू आणि कोण कोणाचा पाहुणा, हे खुर्चीत बसून एका वाक्यात सांगण्याइतके सोपे नव्हते.

आता मावसभावाचा आक्षेप. जयसिंग दुर्बिणीविषयी अनभिज्ञ होता, हे खरे नव्हे. त्याने बादशहा मुहम्मदशहाच्या नावे सिद्ध करविलेल्या कोष्टकांत दुर्बिणीतून दिसणाऱ्या शुक्राच्या कला आणि गुरूचे चार उपग्रह यांचा उल्लेख आहे. जुन्या कोष्टकांशी आकाश जुळत नाही, हे त्याने स्वतः पडताळून पाहिले होते. पितळेची यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात, म्हणून त्याने दगडाची यंत्रे उभारली. तेवढ्यावर न थांबता त्याने पाद्री फिगेरेदो यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या मार्गाने पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठविले. ते १७२९ च्या आरंभी लिस्बनला पोहोचले आणि फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके घेऊन परतले. परदेशी माल म्हणून राजाने त्यापुढे मान तुकविली नाही. त्याने तीही आकाशाशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक असल्याचे नोंदवून ठेवले.

मग उणे कोठे पडले? भाषांतर हाच ज्याचा व्यवसाय, त्याला हा प्रश्न घरचा वाटतो. टॉलेमीचा ग्रंथ तेव्हा जवळजवळ सोळाशे वर्षांचा झाला होता. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली प्रसिद्ध होऊन पंचेचाळीस वर्षे लोटली होती. तो जयपुरास आला नाही. शिष्टमंडळ गेले ते अशा देशात, जेथे चर्चच्या निर्बंधामुळे कोपर्निकसचे मत उघडपणे शिकविणे कठीण होते. ज्याला विचारले, त्याच्यापाशी होते तेवढेच उत्तर मिळाले. युरोपातील वेधशाळांत तोवर दुर्बीण कोनमापक यंत्रावर बसवून ग्रहांची स्थाने मोजली जात होती. जयपुरास दुर्बीण होती आणि मोजपट्टीही होती, पण त्या दोघींची गाठ पडली नाही.

जगन्नाथ पंडितांच्या परिश्रमांत कसूर नव्हती, राजाच्या जिज्ञासेत तर नव्हतीच. पण उत्तम भाषांतरही चुकीच्या ग्रंथाला दुरुस्त करू शकत नाही. टेबलावर येईल ते पुस्तक निष्ठेने उतरविणे एवढेच आपले कर्तव्य, अशी आम्हा भाषांतरकारांची समजूत असते. ‘हेच का? दुसरे कोणते?’ असे विचारण्याचे धैर्य किती वेळा दाखविले, हे आठवू गेलो तेव्हा त्या उन्हातही मला माझ्याच कागदांची थोडी लाज वाटली.

वेधशाळेपासून थोड्याच अंतरावर ईसरलाट नावाचा सात मजली मनोरा आहे. जयसिंगाच्या मृत्यूनंतर, १७४३ पासून, त्याच्या मुलांत गादीचा कलह पेटला. ईश्वरीसिंगाने १७४७ च्या विजयाचे स्मारक म्हणून १७४९ मध्ये हा मनोरा उभारला आणि १७५० च्या डिसेंबरात, होळकरांची फौज शहरावर चालून आलेली असता, त्याच विजयी राजाने आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात, १० जानेवारी १७५१ रोजी, शहर पाहावयास आत गेलेल्या हजारो मराठ्यांची जयपुरात कत्तल झाली. हे काकांना ठाऊक नव्हते असे नाही; आदल्या संध्याकाळी त्याची आठवण झाली नव्हती, इतकेच. ते बराच वेळ मनोऱ्याकडे पाहत उभे राहिले.

मास्टरसाहेबांनी मग आपण होऊनच एक गोष्ट सांगितली. पडझड झालेल्या ह्या यंत्रांचा जीर्णोद्धार १९०१-०२ साली झाला, तेव्हा इंग्रज अधिकारी गॅरेट यांच्या साह्याला एकोणीस वर्षांचे चंद्रधर शर्मा गुलेरी होते. पुढे महायुद्धाच्या खंदकांची पार्श्वभूमी असलेली ‘उसने कहा था’ ही अजरामर हिंदी कथा लिहिणारे ते हेच. मीही त्यांना उज्जैनची गोष्ट सांगितली. जयसिंगाची तेथील वेधशाळा मोडकळीस आली होती. तिची दुरुस्ती १९२३ साली माधवराव शिंद्यांनी करविली आणि तिचे काम गोविंद सदाशिव आपटे ह्या महाराष्ट्रीय ज्योतिर्विदाने सांभाळले. मंदसोरास ज्यांच्या पूर्वजांनी जयसिंगास कोंडले, त्यांनीच त्याची यंत्रे पुन्हा उभी केली. मास्टरसाहेब काकांकडे पाहून म्हणाले, “आप्पासाहेब, अठ्ठावीस परगण्यांची फेड झाली म्हणायची.” काका मनापासून हसले.

परतताना आम्ही दुर्गापुऱ्याच्या संशोधन केंद्रावरून गेलो. राजस्थानच्या रेताड जमिनीत सूक्ष्म कृमींमुळे गहू-जवाला ‘मोल्या’ नावाचा रोग होतो; त्यास दाद न देणारे जव येथे निवडून काढले गेले. त्याची रीत साधी आणि कष्टाची आहे. बियाणे कोठलेही असो, ते आपल्या रोगट मातीत पेरायचे, जगेल ते ठेवायचे, आणि पुढच्या हंगामात पुन्हा पेरून पाहायचे.

संध्याकाळी ओसरीवर खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या. विषय तेच होते, आवाज मात्र खालच्या पट्टीत होते. मावशीने कालच्या खरबुजाच्या बिया धुऊन सुपात वाळत घातल्या होत्या. मी विचारले, “मावशी, ते खरोखर ‘दुर्गापुरा मधु’च होते का?”

“आत्ताच कसे सांगू?” ती म्हणाली. “पुढच्या उन्हाळ्यात लावून पाहीन, मग सांगेन.”