फीत आहे, पण यंत्र कोठें?

जपून ठेवणें हा आपल्या लोकांचा मोठा गुण आहे. आजोबांचा चष्मा, आजीचें लुगडें, जुना पितळी डबा हीं सारीं आपण पेटींत ठेवतों, आणि पेटी उघडली कीं तीं जशींच्या तशीं हातीं येतात. व्हिडीओफितीस मात्र हा न्याय लागूं पडत नाहीं. ती पेटींत सुखरूप असूनहि आपणांस कायमची अंतरलेली असूं शकते. ह्या गोष्टीकडे पालकांचें व विद्यार्थ्यांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

जेव्हीसी ह्या जपानी कंपनीनें १९७६ सालीं व्हीएचएस पद्धतीचें यंत्र बाजारांत आणिलें. आपल्या देशांत १९८२ सालच्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आलें, आणि पुढील काळांत लग्नें, बारशीं, स्नेहसंमेलनें ह्यांचें चित्रण अशा फितींवर होऊं लागलें. नंतर तबकड्या आल्या व त्यांच्यामागून मोबाइल आले. जपानांतील फुनाई कंपनीनें जुलै २०१६ मध्यें हीं यंत्रें करण्याचें बंद केलें. नवें यंत्र करणारी ती शेवटचीच कंपनी समजली जात होती.

फीत उजेडापुढें धरून तींत कांहींच दिसत नाहीं. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर चुंबकीय भुकटीचा लेप असतो, आणि मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या ढोलावरील हेड त्यावरील खुणा वाचतात. हेड झिजतात, रबरी पट्टे सैल पडतात, आणि दुरुस्त करणारे हातहि थकतात. इकडे दमट हवेनें लेप चिकट होऊन सुटूं लागतो, व पावसाळ्यांत बुरशी चढते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनि संग्रहालयानें २०१५ सालींच इशारा दिला कीं, २०२५ पर्यंत ज्या फितींच्या संगणकीय प्रती होणार नाहींत, त्यांतील बहुतेक कायमच्या गेल्या असें समजावें.

यंत्रावांचून फीत किती मुकी असते, ह्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६६ व १९६७ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेनें पांच 'लूनर ऑर्बिटर' यानें पाठवून चंद्राचीं छायाचित्रें घेतलीं व तीं चुंबकीय फितींवर नोंदविलीं. फिती राहिल्या; पण त्या वाचणारीं अँपेक्स कंपनीचीं यंत्रें जवळजवळ नाहींशीं झालीं. नासामधील नॅन्सी इव्हान्स ह्या बाईंनीं अशीं कांहीं यंत्रें मिळवून आपल्या घरच्या मोटारखान्यांत वर्षानुवर्षें सांभाळलीं. म्हणूनच २३ ऑगस्ट १९६६ रोजीं घेतलेलें, चंद्राजवळून दिसणाऱ्या पृथ्वीचें छायाचित्र २००८ सालीं मूळ फितीवरून पुन्हां स्पष्ट मिळालें.

कोणी म्हणेल, तीन-तीन तासांचीं लग्नें पुन्हां पाहणार कोण? आक्षेप अगदींच खोटा नाहीं. सर्वच राखावें असें आमचें म्हणणें नाहीं. विकत आणलेल्या चित्रपटाची फीत खुशाल जाऊं द्यावी. तो अन्यत्र मिळेल. परंतु ज्या फितीची दुसरी प्रत जगांत कोठेंच नाहीं, तिचा विचार आधीं व्हावा. त्या तीन तासांत पणजीबाईंचें बोलणें दोनच मिनिटें असेल. पण तो आवाज दुसरीकडे कोठें ऐकावयास मिळणार? काय ठेवावें व काय सोडावें हें आपण ठरवावें. आपल्या आळसानें तें ठरवूं नये.

म्हणून ह्या सुटींतच कपाटें उघडावीं. बुरशी दिसणारी फीत यंत्रांत घालूं नये. तिच्यामुळें यंत्र बिघडतें व पुढच्या फितीसहि ती लागते. चांगल्या फितीच्या कडेचा प्लॅस्टिकचा लहान तुकडा तोडावा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरें कांहीं नोंदलें जाणार नाहीं. जाणत्या माणसाकडून प्रत करून घ्यावी, ती दोन ठिकाणीं ठेवावी, आणि मूळ फीतहि कोरड्या जागीं उभी ठेवावी.

विद्यार्थ्यांनो, ह्यांतील एक काम केवळ तुम्हींच करावयाचें आहे. प्रत तयार झाली कीं वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसा आणि पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाचें नांव, नातें व गांव लिहून घ्या. यंत्र कदाचित् कोठें तरी सांपडेल. परंतु त्या चेहऱ्यांना ओळखणारीं माणसें पुन्हां मिळणार नाहींत.