पदग्रहणाच्या आधीचे वर्ष

जुलै उजाडला की गावोगावच्या मंगल कार्यालयांत रोटरी आणि लायन्सचे पदग्रहण सोहळे सुरू होतात. मावळते अध्यक्ष गळ्यातली कॉलर उतरवून नव्या अध्यक्षांना घालतात, टाळ्या होतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी तीन नावे झळकतात. या सोहळ्यापेक्षा मला त्याच्या आधीचे वर्ष मोलाचे वाटते, आणि नेमके तेच आपले अनेक क्लब वाया घालवतात.

रोटरीच्या घटनेत या वर्षाचा बारकाईने विचार आहे. अध्यक्षाची मुदत १ जुलै ते ३० जून. पण त्याची निवड पद हाती येण्याच्या किमान १८ महिने आधी झाली पाहिजे. आधी प्रेसिडेंट नॉमिनी, मग वर्षभर प्रेसिडेंट इलेक्ट, त्यात प्रशिक्षण, आणि मग खुर्ची. प्रांतपालाची निवड तर दोन ते तीन वर्षे आधी होते. शिकागोत १९०५ मध्ये रोटरी सुरू करणारे पॉल हॅरिस पहिल्या क्लबचे पहिले अध्यक्ष नव्हते. तो मान सिल्व्हेस्टर शीले यांना मिळाला. संस्थापक हयात असेपर्यंत अध्यक्ष बदलायचाच नाही, अशा कितीतरी संस्था आपल्याकडे आहेत. त्यांनी हे जरूर पाहावे.

एका वर्षात काय होणार, असा आक्षेप नेहमी येतो. रोटरीने पोलिओविरुद्धची मोहीम १९८५ मध्ये हाती घेतली आणि भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. तोवर पंचवीसहून अधिक जागतिक अध्यक्ष होऊन गेले. काम थांबले नाही, कारण येणाऱ्या प्रत्येकाने आधीच्याचे काम आपले मानले.

क्लबच्या पातळीवर मात्र उलटे घडते. शाळेत पाणी शुद्धीकरणाचे यंत्र बसते. वर पाटी, पाटीवर अध्यक्षांचे नाव आणि वर्ष. दीड वर्षाने आतला फिल्टर बदलायची वेळ येते तेव्हा मुख्याध्यापक जुन्या अध्यक्षांना फोन करतात. ते म्हणतात, आता नव्यांना विचारा. नव्यांना यंत्र कुठे आहे हेच ठाऊक नसते, कारण ते बसवताना त्यांना कोणी विचारले नव्हते. वर्षभर मागच्या रांगेत बसवून ठेवलेला इलेक्ट जुलैत स्वतःची नवी योजना काढणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

कागदपत्रांचीही तीच कथा. क्लबचा नोंदणीकृत न्यास असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो वेळेत गेला नाही तर बँक सह्या बदलायला अडून बसते आणि नवा खजिनदार धनादेशासाठी जुन्याच्या दारात उभा राहतो.

म्हणून माझे मत असे : एका वर्षापुढे चालणारा कोणताही प्रकल्प इलेक्टच्या सहीशिवाय मंजूर होऊ नये, आणि अध्यक्षाबरोबर सचिवही बदलू नये; सचिवाला दोन वर्षे द्यावीत.

आणखी एक गोष्ट मला बोचते. अध्यक्षपद अनेक ठिकाणी ‘यंदा कोणाचा नंबर’ एवढ्यावर ठरते, आणि त्या नंबरात वर्षानुवर्षे सचिवाचे काम नेटाने सांभाळणारी बाई बसत नाही. रोटरीने जगभरातल्या स्त्रियांना १९८९ मध्ये दार उघडले. जेनिफर जोन्स पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या त्या २०२२-२३ मध्ये. जिला इतिवृत्त, हिशेब आणि माणसे तिन्ही ठाऊक आहेत, तिला वगळून केवळ सोहळ्याचा खर्च पेलेल असा माणूस शोधणे हा तिच्यावर अन्याय आहे आणि क्लबचे नुकसान.

क्लबात असाल तर येत्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा. पुढचे अध्यक्ष संचालक मंडळाच्या किती बैठकांना हजर होते? आणि त्यांच्याकडे आज कोणत्या कामाची फाईल आहे?