भागीदारीतली गाडी दुय्यम कशी?

दोन कंपन्यांनी मिळून केलेल्या स्पोर्ट्स कारला स्वतःचे व्यक्तिमत्त्व नसते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला अजिबात मान्य नाही. टोयोटा-सुबारूची गाडी 2012 मध्ये बाजारात येण्यापूर्वी टर्बोच्या, चारही चाकांना ताकद देण्याच्या वावड्या उठल्या होत्या. आली ती टर्बोविना, मागच्या चाकांच्या ताकदीवर धावणारी, हलकी गाडी! सुबारूचे आडवे बॉक्सर इंजिन, त्याला टोयोटाची डी-फोर-एस इंधनप्रणाली. इंजिन खाली बसल्याने गुरुत्वमध्य खाली आला आणि वळणावरची तिची हाताळणी जगभर वाखाणली गेली. हीच तर भागीदारीची कमाई. येऊ घातलेल्या अशा कोणत्याही गाडीबद्दल तर्क जरूर करावेत. निकाल मात्र ती रस्त्यावर उतरल्यावरच द्यावा, ही विनंती.

– एक मोटारप्रेमी वाचक, पुणे