दस्तरखानावरची दोस्ती

मगरीबची अजान होते. मशिदीतल्या दस्तरखानावर मुले दाटीवाटीने बसलेली असतात. व्यापाऱ्याचा मुलगा खजूर पुढे करतो, हमालाचा मुलगा आपल्याकडची भजी त्याच्याकडे सरकवतो. कोण कुणाचा, हे त्या वयात कुणी विचारत नाही. नमाजनंतर एक गाडीत बसतो, दुसरा पायी वस्तीकडे निघतो. दोघांच्या शाळाही वेगळ्या. रमजानचा महिना सरला की ही ओळख बहुधा तिथेच थांबते.

हे अंतर मुलांनी पाडलेले नसते. शाळा मोठी माणसे निवडतात आणि ‘त्याच्या घरी जाऊ नकोस’ हेही तीच सांगतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना यातून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

गरिबांची मुले वर्गात आली तर आपल्या मुलांचे नुकसान होईल, अशी भीती अनेक पालकांना वाटते. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतील खासगी शाळांत केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत घरांतील मुले अधिक उदार झाली, भेदभाव कमी करू लागली आणि त्यांच्या अभ्यासावर फारसा परिणाम झाला नाही, असे त्यात आढळले.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून सूट मिळाली. पण सूट म्हणजे मनाई नव्हे. मुस्लिम संस्थांच्या शाळांनी स्वतःहून गरिबांच्या मुलांना जागा द्यायला कोणाची हरकत आहे? आणि जागा देऊन भागत नाही. या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवले किंवा पैशांअभावी सहलीला मागे ठेवले, तर दोस्ती होणार कशी?

गरिबाच्या घरीही ईद व्हावी म्हणून ईदच्या नमाजआधी फितरा दिला जातो. तो द्यायलाच हवा. मात्र फितऱ्यात एक देणारा असतो, दुसरा घेणारा. दोस्तीत दोघेही देतात. म्हणून यंदा मुलाच्या गरीब मित्राला शीरखुर्म्यासाठी घरी बोलवावेच, पण आपल्या मुलालाही त्याच्या घरी जाऊ द्यावे.