भिंत कुणाची?

मागच्या महिन्यात मावसभावाच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. हॉलच्या भिंतीवर वारली नर्तकांचं भलंमोठं वर्तुळ. अम्मीने विचारलं, “कुणी काढलं रे?” भाऊ म्हणाला, “माहीत नाही खाला, इंटिरियरवाल्याने करून घेतलं. सोफ्याला मॅच होतं.” चहा आला, विषय बदलला. मला मात्र राठवांचा पिठोरा आठवत राहिला.

गुजरातेत छोटा उदेपूरकडे राठवा आदिवासी घरात पिठोरा करून घेतात, तो शोभेसाठी नव्हे. मूल आजारी पडतं, पीक जातं, तेव्हा घरधनी बडव्याकडे जाऊन नवस बोलतो. नवस फेडायचा तर ओसरीच्या भिंतीवर पिठोरा लिहायचा. हो, ‘लिहायचा’, म्हणूनच चित्रकाराला लखारा म्हणतात. कुमारिका भिंत शेणमातीने सारवतात, वर पांढऱ्या मातीचा हात फिरवतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. (आमच्यातल्या काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू द्या, घर त्यांचं आहे.) लखारे देवांचे घोडे काढतात, रोजचं जगणं काढतात, सोबत गाणं-बजावणं चालू असतं. शेवटी बडवा चित्र वाचतो. काही राहिलं असेल तर लखाऱ्याला ते भरून द्यावं लागतं. या कलेतल्या परेश राठवांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पण भिंतीवर घरधन्याची गरजही तेवढीच उतरलेली असते, तिला कोण पुरस्कार देणार?

नुसता पैसा आणि हौस असली की काय होतं, ते लंडनमध्ये दिसलं. जहाजमालक लेलंडच्या जेवणघरात 1876 मध्ये जेम्स व्हिस्लरला किरकोळ रंगकाम सांगितलं होतं. मालक बाहेरगावी, आणि या गृहस्थाने महागड्या चामड्याने मढवलेल्या भिंती निळ्या रंगाने आणि सोनेरी मोरांनी भरून टाकल्या. वर 2000 गिनी मागितल्या. लेलंडने 1000 पौंड टेकवले. मग व्हिस्लरने त्याच खोलीत दोन भांडणारे मोर रंगवले, एकाच्या पायाशी नाणी. ती खोली आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. सुंदर आहे, यात वाद नाही. पण घरात जेवायला बसलेल्या माणसाला रोज आपलंच भांडण बघावं लागलं. तरी लेलंडने ती खोली मोडली नाही, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

आमच्या गावच्या घराच्या दारावर बिस्मिल्लाह आहे. ती लिहिली दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांनी. त्यांना अरबी येत नव्हतं, नानांना ब्रश धरता येत नव्हता. नाना खाली खुर्ची टाकून बसले, पाटीवर खडूने अक्षर काढून दाखवत. ‘बे’चा नुक्ता दोनदा पुसला गेला. अम्मी सांगते, दुसऱ्या वेळी काकाच म्हणाले, “थांबा चाचा, मलाच बरोबर वाटत नाही.”

परवा भावाचा फोन आला, बेडरूमची भिंत अजून मोकळी आहे म्हणाला. मी त्याला विचारलं, चित्रकार येईल त्या दिवशी तू सुट्टी घेशील का?